‘सर, हे जॅकेट बुलेटप्रूफ आहे का?’ बंदूक आणि नेमबाजीतल्या गमतीदार चुका आणि गैरसमज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरकडच्या एका रेंजवर नवीन पोरांना हाताशी धरायचं काम मी बरीच वर्षं करतोय, त्यामुळे मुलांचे आईवडील, गावाकडचे परवानेवाले काका, कॉलेजची मुलं असे सगळे सारखे तेच तेच प्रश्न पाठवत असतात. काही वाचून हसू येतं हे खरं, पण विचारणाऱ्याला मी कधीच हसत नाही, उलट बरं वाटतं की विचारलं. आता एकदाच सगळं लिहून ठेवतोय. सोप्यापासून सुरुवात केलीय, किचकट पुढे आहे, आणि एखादी गोष्ट दुसरीकडे येऊन गेली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. जत्रेत मी सगळे फुगे फोडतो, म्हणजे मला नेमबाजी जमेल ना?

जमेलही, पण फुग्यांवरून ठरवू नका. फुगा पंजाएवढा असतो आणि उभं राहायचं अंतर आठ-दहा फूट. आपल्या दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर काळा गोल असतो ३०.५ मिलिमीटरचा आणि त्यातला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर, म्हणजे पेनाचं टोक टेकवावं एवढाच. दुसरी गोष्ट, फुगेवाल्याच्या बंदुकीची माशी, म्हणजे नेम धरायला नळीच्या टोकावर असलेला छोटा खुंट, बहुतेक वेळा वाकडी झालेली असते, त्यामुळे तिथे तरबेज झालेला पोरगा ‘उजवीकडे धरलं की बरोबर मधे लागतं’ असं काहीतरी शिकलेला असतो. आमच्याकडे असाच एक जण आला होता, जोतिबाच्या जत्रेत नाव काढलेला. पहिल्या दिवशी त्याचे दहाच्या दहा छर्रे खाली उजवीकडे सातच्या रिंगमध्ये, आणि तो रडवेला झाला. मला मात्र आनंद झाला, कारण दहाही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जात होती. एका जागी लागणं अवघड असतं हो, ती जागा मधे आणायला साइटचा, म्हणजे नेम धरायच्या भागाचा, नॉब फिरवला की झालं (पण तो कुठे फिरवायचा, त्यासाठी प्रश्न ११).

२. पेपरात ‘दोन जिवंत काडतुसे जप्त’ असं येतं. मेलेलं पण काडतूस असतं का?

हा प्रश्न एका सातवीतल्या मुलीने विचारला होता आणि फार चांगला आहे. जिवंत म्हणजे न उडवलेलं. काडतूस हा पूर्ण संच असतो: मागे टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारा भाग, आत दारू, पुढे गोळी किंवा शिसाचे बारीक छर्रे, आणि हे सगळं धरून ठेवणारी पितळेची नाहीतर प्लॅस्टिकची नळी. उडवल्यावर गोळी जाते, दारू जळते आणि हातात उरते ती रिकामी पुंगळी. म्हणजे ‘गोळी बंदुकीत भरली’ असं आपण म्हणतो तेव्हा खरंतर काडतूस भरलेलं असतं. एअर रायफलमध्ये मात्र काडतूस नाहीच, तिथे ४.५ मिलिमीटरचा शिसाचा छर्रा, त्याला पेलेट म्हणतात, आणि त्याला ढकलणारी नुसती हवा.

३. रिव्हॉल्वर आणि पिस्तूल एकच ना?

नाही. रिव्हॉल्वरला मधे फिरणारा गोल दंडा असतो, त्यात पाच-सहा खणांत काडतुसं. पिस्तुलाला तो नसतो, काडतुसं मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात. आणि इथली एक चूक जिवावर बेतणारी आहे, ती प्रश्न २३ मध्ये.

४. बारा बोर म्हणजे वीस बोरपेक्षा लहान, बरोबर?

उलटं आहे, आणि यात दोष तुमचा नाही, ही मोजायची पद्धतच डोकं फिरवणारी आहे. जुन्या काळी असं ठरलं की नळीत बरोबर बसतील असे शिसाचे गोल गोळे करायचे आणि एका पौंडात किती बसतात ते बघायचं. बारा बसले तर बारा बोर, वीस बसले तर वीस बोर. पौंडात जास्त गोळे बसायचे तर गोळा लहानच हवा, म्हणून वीसची नळी अरुंद. बारा बोर साधारण १८.५ मिलिमीटर, वीस बोर १५.६ च्या आसपास. अपवाद ‘चारशे दहा’, तिथे आकडा थेट व्यासाचा, इंचात ०.४१०.

हे माहीत असणं का गरजेचं ते ऐका. वीस बोरचं काडतूस चुकून बारा बोरमध्ये टाकलं की ते मागे अडत नाही, घसरत पुढे जाऊन नळीत अडकतं. बघणाऱ्याला वाटतं नळी रिकामी, मग मागून बाराचं काडतूस भरतात आणि चाप ओढला की नळी फुटते, डावा हात तिथेच असतो. म्हणून वीस बोरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात. घरात दोन्ही बोरच्या बंदुका असतील तर काडतुसांचे डबे वेगळ्या कपाटात ठेवा, एका खिशात तर कधीच नको.

५. हे जाड जॅकेट बुलेटप्रूफ आहे का?

आयांचा सगळ्यात लाडका प्रश्न, आणि त्यामागची काळजी मला कळते. नाही, बुलेटप्रूफ नाही, तिथे कुणी कुणावर गोळी झाडत नाही. कॅनव्हास आणि चामड्याचं हे जॅकेट आणि पँट कडक असतात ते पाठीला आणि कमरेला आधार मिळावा म्हणून, कारण रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते आणि ती धरून सव्वा तास उभं राहायचं असतं. किती कडक आणि किती जाड यावरही नियम आहे, कापडाची जाडी २.५ मिलिमीटरच्या वर चालत नाही, मॅचआधी गेज लावून तपासतात. बूट सपाट आणि कडक तळव्याचे, म्हणून टीव्हीवर सगळे बदकासारखे चालताना दिसतात. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा प्रकार) ब्राँझ आणलं, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी मला विचारलेलं की पोरगं लंगडतंय का. नाही हो, बूट तसले असतात.

६. मग तो तुर्कस्तानचा काका खिशात हात घालून, काहीही न घालता कसा जिंकला?

पॅरिस ऑलिम्पिकमधला युसुफ डिकेचचा तो फोटो सगळ्यांनी पाहिला आणि त्यावरून गैरसमजांचं पीकच आलं. एक, तो पिस्तूलवाला आहे, आणि पिस्तुलात जॅकेट-पँट कुणीच घालत नाही, जगात कुणीच नाही. दोन, पिस्तूल एकाच हाताने धरायचं असा नियमच आहे, मग दुसरा हात लोंबकळत राहून अंग हलू नये म्हणून बहुतेक जण तो खिशात नाहीतर पट्ट्यात अडकवतात. तीन, कानात त्याने इअरप्लग घातले होते आणि डोळ्यावर चष्मा होता. चार, ते सोनं नव्हतं, मिश्र सांघिक प्रकारातली चांदी होती. आणि त्याच प्रकारात ब्राँझ कुणाला मिळालं? आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंगला. काकाचा फोटो दहा ग्रुपवर फिरवणाऱ्यांना हे सांगितलं की डोळे मोठे होतात.

७. नेम धरताना एक डोळा मिटायचा ना?

मिटू नका. एक डोळा घट्ट मिटला की दुसऱ्याच्या पापणीवरही ताण येतो, दहा-बारा शॉटनंतर पाणी येतं, साठ शॉटची मॅच तर लांबच. म्हणून नेमबाज न वापरायच्या डोळ्यासमोर एक छोटी पट्टी लावतात, तिला ब्लाइंडर म्हणतात, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवतात.

याच्याही आधीची चूक म्हणजे कुठला डोळा आपला हेच माहीत नसणं. दोन्ही हात पुढे ताणून पंजांमध्ये छोटी खिडकी करा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा, मग आळीपाळीने एकेक डोळा झाका. ज्या डोळ्याने घड्याळ खिडकीतच राहतं तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हाताने जेवणाऱ्या बऱ्याच जणांचा मुख्य डोळा डावा निघतो, आणि मग बिचारा वर्षभर मान वाकडी करून नेम धरतो. हात बदलता येतो, घाबरू नका. हंगेरीच्या कारोली टाकाचचा उजवा हात १९३८ मध्ये हातबाँबने जायबंदी झाला, तो डाव्या हाताने शिकला आणि १९४८ आणि १९५२ अशी दोन ऑलिम्पिक सोनी घेऊन गेला.

८. बघायचं टार्गेटकडेच ना? दिसलंच नाही नीट तर लागणार कसं?

पिस्तुलात तरी नाही. नजर माशीवर हवी, टार्गेट धूसर दिसलं तरी चालतं, धूसरच दिसायला हवं. साधा हिशोब बघा: एअर पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३३ सेंटीमीटर अंतर असतं. माशी फक्त एक मिलिमीटर सरकली तर दहा मीटरवर छर्रा तीन सेंटीमीटर बाजूला, म्हणजे दहाचा सात. हात थोडा इकडेतिकडे झुलला तर त्या मानाने फारसं बिघडत नाही. नवीन पोरं टार्गेट इतकं रोखून बघतात की माशी कुठे गेली ते त्यांना कळत नाही, आणि मग म्हणतात पिस्तूल खराब आहे.

९. श्वास जितका जास्त वेळ रोखू तितकं स्थिर राहू, असं कोच ओरडून सांगतात ते बरोबर आहे का?

अर्धं बरोबर. श्वास सोडल्यावर शरीर आपोआप क्षणभर थांबतं, त्या थांब्याला थोडं लांबवायचं, सहा-आठ सेकंदांत शॉट सुटला तर ठीक. नाही सुटला तर रायफल खाली घ्या, श्वास घ्या, परत सुरू करा. चेहरा लाल करून वीस सेकंद उभं राहिलं की डोळ्यापुढे सगळं अंधुक होतं, हात थरथरायला लागतात आणि मग कंटाळून चाप हिसकला जातो. शॉट सोडून द्यायला शिकणं हा खेळाचाच भाग आहे आणि लहान मुलं ते मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

१०. ठिपका अर्धा मिलिमीटर आणि छर्रा साडेचार, मग दहा मिळवायला अगदी मधोमध लागायलाच हवं का?

नाही. छर्र्याच्या भोकाची कड ठिपक्याला नुसती शिवली तरी दहा. म्हणजे छर्र्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरपर्यंत लांब असला तरी दहा मिळतो. पण आता रायफलला दशांशात गुण देतात, तिथे खरी गंमत आहे: दर पाव मिलिमीटरला एक दशांश जातो, अगदी मधे लागला तर १०.९, कडेला शिवला तर १०.०. साठ शॉटचे जास्तीत जास्त ६५४. म्हणून घरी फोन करून ‘सगळे दहा मारले’ म्हणणाऱ्या पोरगीचा नंबर खाली का, असं वडील विचारतात, त्याचं उत्तर हे. एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत अजून पूर्ण गुणच मोजतात, साठ शॉट, सहाशे गुण.

११. साइटच्या नॉबवर जर्मनमधलं ‘हाय’चं अक्षर आहे. तिकडे फिरवलं की शॉट वर जायला हवेत, पण खाली जातायत. नॉब उलटा बसलाय का?

नॉब बरोबर आहे, वाचणं उलटं झालंय. बऱ्याच जर्मन साइटवर जे अक्षर असतं ते ‘होख’ म्हणजे उंच याचं, पण त्याचा अर्थ ‘तुमचे शॉट उंच लागत असतील तर इकडे फिरवा’ असा. म्हणजे तिकडे फिरवलं की शॉट खाली येतात. डाव्या-उजव्यालाही तसंच. काही साइटवर मात्र नेमका उलट अर्थ असतो, शॉट जिकडे न्यायचाय ती दिशा लिहिलेली असते, म्हणून उसनी रायफल हातात घेतलीत तर सरावाच्या शॉटमध्ये आठ-दहा क्लिक फिरवून बघा आणि चिकटपट्टीवर बाण काढून साइटखाली लावा. एका जिल्हा स्पर्धेत आमच्या मुलाने खाली जाणारे शॉट वर आणायला चार वेळा नॉब फिरवला, दर वेळी चुकीच्या बाजूला, आणि सरावाचा वेळ संपला तेव्हा छर्रे काळ्या गोलाच्या बाहेर गेले होते. त्याच्या रायफलवर आजही तो बाण आहे.

१२. एक शॉट टार्गेटवर दिसतच नाही, किंवा दोन भोकं पडतात. असं का होतं?

तीन कारणं, तिन्ही रोज बघतो. एक, छर्रा घातलाच नाही, नुसती हवा सुटली. मॅचमध्ये असं केलं तर आधी ताकीद मिळते आणि परत केलं तर गुण कापतात, त्यामुळे हे हसण्यावारी नेऊ नका. दोन, छर्रा आधीच आत होता, मधे कुणी हाक मारली, लक्ष गेलं आणि दुसरा घातला. तीन, छर्रा उलटा. मॅचचा छर्रा पुढून सपाट आणि भरीव, मागे पोकळ घागऱ्यासारखा असतो, आणि घाईत मुलं घागरा पुढे करून घालतात. तो जातो, पण कुठेही जातो.

आणि छर्रे तोंडात धरून एकेक काढायची सवय काही जुन्या लोकांना आहे, ती बघून मुलंही करतात. ते शिसं आहे, पोटात जातं. तोंडात नाही, आणि डबा खायच्या आधी साबणाने हात.

१३. गोळी नळीतून निघाली की आधी वर चढते आणि मग खाली येते, हे खरं आहे का?

दिसतं तसं, पण गोळी नळीतून निघाल्या क्षणापासून नळीच्या सरळ रेषेपासून खालीच पडत असते, हातातून सोडलेल्या दगडासारखी. आपण बघतो ती रेषा साइटमधून जाते, ती नळीच्या वर असते, आणि साइट अशी लावलेली असते की नळीचं तोंड थोडं वर राहावं. त्यामुळे गोळी आपल्या नजरेच्या रेषेला खालून येऊन छेदते आणि पुढे परत खाली जाते. क्रिकेटमध्ये लांबून थ्रो करताना आपण स्टंपच्या वर बघूनच फेकतो की.

१४. एअरगनला लायसन्स लागत नाही, मग गच्चीवरून चालवली तर कुणाचं काय जातं?

लायसन्स लागत नाही हे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीला आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीलाच लागू आहे. त्याच्या वरची एअरगन शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवान्याशिवाय ठेवता येत नाही, आणि ऑनलाइन ‘जास्त पॉवर’ बघून मागवणाऱ्यांना हे फार उशिरा कळतं. मॅचची रायफल साधारण साडेसात ज्यूलचीच असते, बरं का. पण तेवढ्यानेही डोळा जातो, आणि लायसन्स न लागणं म्हणजे कुठेही मारायची मोकळीक नव्हे.

बागायतदार मंडळी वानरांना आणि मोरांना ‘नुसतं घाबरवायला’ छर्रे मारतात. मला त्यांचं नुकसान दिसतं, आंब्याचा मोहोर आणि नारळ डोळ्यादेखत जातात तेव्हा माणूस काय करणार. तरीही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला जखमी करणंही येतं. आणि छर्रा लागलेलं वानर लगेच मरत नाही, जखम चिघळून आठवडाभर तडफडतं. आवाजाचे फटाके, जाळी, वनखात्याकडे नुकसानीचा अर्ज, हे मार्ग वेळखाऊ आहेत पण तेच आहेत.

१५. रिकामी बंदूक उडवून बघितली तर खराब होते असं दुकानदार म्हणतो आणि कोच तर रोज तेच करायला लावतात. कोण खरं?

दोघेही खरे, बंदुका वेगळ्या. नळी मोडून स्प्रिंग दाबायची साधी एअरगन छर्र्याशिवाय उडवली तर आतला पिस्टन पुढे कशालाच न अडता आपटतो, सील फाटतं, स्प्रिंग तुटते. मॅचच्या एअर रायफल-पिस्तुलात ‘ड्राय’साठी, म्हणजे रिकाम्या सरावासाठी, वेगळी सोय असते, त्यात हवा सुटतच नाही, फक्त चापाचा ‘टक्’ येतो, आणि सरावातला खूप मोठा भाग असाच होतो, घरी भिंतीकडे तोंड करून सुद्धा. अपवादातला अपवाद म्हणजे पॉइंट बावीसची रायफल: तिची पिन काडतुसाच्या कडेवर आपटते, काडतूस नसलं तर ती थेट नळीच्या काठावर आपटून खाच पाडते. तिथे वापरलेली पुंगळी किंवा नकली काडतूस घालून ड्राय करा.

१६. शिलाई मशीनचं तेल घातल्यावर एअरगनचा आवाज वाढला, धूर पण आला. पॉवर वाढली ना?

नाही, आत स्फोट होतोय. पिस्टन हवा इतक्या जोरात दाबतो की हवा तापते आणि तेलाची वाफ पेट घेते, डिझेल इंजिनात होतं तसंच. चार दिवस भारी वाटतं, मग सील जळतं, स्प्रिंग जाते, आणि दर शॉटला जोर वेगळा म्हणून छर्रे चारी दिशांना. एका काकांनी खोबरेल तेल घातलं होतं, थंडीत ते आत गोठलं आणि बंदूक मोडताच येईना. तेल लावायचंच तर बाहेरच्या लोखंडाला, कापडावर दोन थेंब घेऊन.

१७. एअर रायफलचा हवेचा सिलिंडर वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन भरून आणला तर चालेल का? गॅरेजमध्ये तर हवा फुकट मिळते.

ऑक्सिजन अजिबात नाही, कधीच नाही. जोराच्या दाबाखालचा ऑक्सिजन आणि आतलं चिमूटभर ग्रीस, एवढं पुरतं स्फोटाला. गॅरेजची हवाही उपयोगाची नाही, स्कूटरच्या टायरमध्ये दोन बारच्या आसपास दाब असतो आणि या सिलिंडरला लागतो २०० बार. पाणबुड्यांची टाकी किंवा खास हातपंप वापरा. सिलिंडरवर तारीख असते ती वाचा, दहा वर्षांनंतर तो मॅचला चालत नाही, आणि जुना सिलिंडर स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेल्यांना हे स्पर्धेच्या टेबलवरच कळतं. बिचारे तिथूनच परत जातात.

१८. खंडेनवमीला बंदुकीची पूजा करतो. त्यात काही चूक आहे का?

पूजेत काहीच चूक नाही, आमच्याकडेही करतात. चूक होते ती नंतर. कुणीतरी हौसेने झेंडूचं फूल नळीच्या तोंडात खोचतं, अक्षता टाकल्या जातात, त्यातल्या चार आत घरंगळतात, हळदकुंकू ओलं होऊन आत चिकटतं. सहा महिन्यांनी तीच बंदूक काढतात. नळीत अडकलेली छोटीशी गोष्टसुद्धा दाब अडवते, नळीला फुगवटा येतो किंवा ती फुटते. मी एक दुनळी पाहिलीय, उजवी नळी टोकापासून चार बोटांवर पेरूएवढी फुगलेली, आणि आत काळी पडलेली झेंडूची पाकळी. पूजेआधी बंदूक उघडून रिकामी आहे ते बघा, फुलं दस्त्यावर वाहा, आणि पूजा झाल्यावर नळीतून उजेड बघून कापड फिरवा.

१९. पावसाळ्यात काडतुसं सादळली. उन्हात वाळवू की चुलीजवळ ठेवू?

दोन्ही नको. कोकणात आजही जुने लोक काडतुसं पापडासारखी सुपात घालून वाळवतात, आणि एका घरी मी ती चुलीच्या वैलावर बघितली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आग लागली तर ती उडतातच, आणि वाळली तरी भरवसा नसतो: कधी बार उशिरा होतो, कधी इतका फुसका की गोळी नळीतच राहते. चाप ओढून बार झाला नाही तर नळी सुरक्षित बाजूला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा. सादळलेली काडतुसं परवानाधारक विक्रेत्याकडे नाहीतर पोलिसांकडे द्या. आणि बंदूक चामड्याच्या कव्हरात घालून ठेवू नका, चामडं ओल धरतं, गणपतीपर्यंत नळीला गंज चढलेला असतो.

२०. आजोबा गेले, त्यांची बंदूक माळ्यावर आहे. वारशाने ती माझीच ना?

वस्तू म्हणून वारसा लागू होईल, पण परवाना वारशाने येत नाही, तो माणसाच्या नावावर असतो. आजोबा गेले की ती बंदूक घरात ठेवणं हाच गुन्हा ठरू शकतो. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या, आणि स्वतःच्या नावाने अर्ज करा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन चालायच्या, वारशाने आलेलीही त्या दोनातच धरतात. परवाना आता तीनऐवजी पाच वर्षांचा असतो.

२१. वरातीत हवेत एखादा बार काढला तर काय होतं? गोळी वरच जाते की.

वर जाते आणि परत येते. सरळ वर गेली तरी डोक्यावर पडून माणूस मरू शकतो, आणि नाचताना हात कधीच सरळ नसतो, तिरकी गेलेली गोळी बराच वेग राखून दोन गल्ल्या पलीकडे कुणाच्या तरी गच्चीवर उतरते. त्याच २०१९ च्या दुरुस्तीत आनंदाच्या भरात केलेल्या अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असं स्पष्ट आलंय. परवाना जातो तो वेगळाच. ताशा लावा, हलगी लावा.

२२. सिनेमात सायलेन्सर लावला की ‘फुस्स’ येतं आणि गोळी लागलेला माणूस दहा फूट मागे उडतो. खरं किती?

फार थोडं. बंदुकीचा आवाज १४० ते १६५ डेसिबलच्या घरात, सायलेन्सर त्यातले वीस-पस्तीस कमी करतो, म्हणजे शेजारचा माणूस झोपेतून उठणारच. रिव्हॉल्वरला तर त्याचा उपयोगच नसतो, कारण फिरता दंडा आणि नळीच्या मधल्या फटीतून आवाज निसटतो (रशियाचं जुनं नागां रिव्हॉल्वर सोडून, त्यात दंडा पुढे सरकून ती फट बंद होते). आणि गोळीचा धक्का माणसाला मागे उडवण्याइतका असता, तर झाडणाराही तितकाच मागे उडाला असता.

२३. ‘मॅगझिन काढलंय, म्हणजे रिकामी आहे’ हे बरोबर ना?

नाही, आणि या सगळ्यातला हा एक प्रश्न तुम्ही घरात मोठ्याने वाचून दाखवा अशी माझी विनंती आहे. मॅगझिन काढलं तरी एक काडतूस नळीत बसलेलं असू शकतं. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे ओढायची, मग डोळ्याने बघायचं, मग बोट घालून चाचपायचं. क्रम उलटा केला, आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर पहिलं काडतूस बाहेर पडतं आणि दुसरं आपण स्वतःच आत ढकललेलं असतं. ‘रिकामीच होती’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अपघातानंतर कानावर येतं. रेंजवर नळीतून आरपार जाणारी नारंगी दोरी, सेफ्टी फ्लॅग, ती यासाठीच असते, आणि आमच्याकडे आठ वर्षांचं पोरही ती दिसल्याशिवाय दुसऱ्याच्या रायफलला हात लावत नाही.

२४. शेजारच्याच्या टार्गेटवर शॉट गेला तर तो त्याला मिळतो का?

त्याला मिळत नाही, आणि तुम्हाला शून्य. यावर ‘एवढं कोण चुकतं’ असं म्हणणाऱ्यांना मी मॅथ्यू एमन्सची गोष्ट सांगतो. अथेन्स, २००४, ५० मीटर थ्री पोझिशनची फायनल. अमेरिकेचा एमन्स पुढे होता, सोनं खिशात होतं, शेवटचा एकच शॉट, साधा बरा लागला तरी पुरे. त्याने नेम धरला, मारला, उत्तम मारला, फक्त शेजारच्या लेनच्या टार्गेटवर. शून्य. पहिल्यावरून थेट आठवा. नंतर त्याला धीर द्यायला चेक प्रजासत्ताकाची नेमबाज कातेरीना कुरकोवा आली, पुढे दोघांचं लग्न झालं, आणि २००८ ला बीजिंगमधलं पहिलं सोनं तिनेच जिंकलं. त्याच बीजिंगमध्ये एमन्स परत शेवटच्या शॉटपर्यंत पुढे होता, आणि नेम पूर्ण लागायच्या आत बोट चापाला लागलं, ४.४.

आमच्याकडे तेव्हापासून एक पद्धत आहे. पहिल्या शॉटआधी प्रत्येक मूल आपल्या फायरिंग पॉइंटवरचा नंबर वाचतं, मग समोर टार्गेटवरचा नंबर वाचतं, दोन्ही ओठांनी पुटपुटतं, आणि मगच छर्रा हातात घेतं.